शेवटची गाडी पार झाल्याशिवाय

त्या गुरुवारी संध्याकाळी बाबा गॅरेजमध्ये गाडीत बसून स्वयंपाकघराशी बोलत होते. यात नवल काहीच नव्हतं. डोंगर-ओढ्यांतून गाड्या चालवणाऱ्यांच्या क्लबची सहल तोंडावर आली की हा कार्यक्रम ठरलेला. फ्रीजवर ठेवलेल्या जुन्या हँडसेटमधून आधी खरखर यायची, मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग रीतसर चौकशी: "किचन, किचन. शेवटची गाडी बोलतेय. ऐकू येतंय का? ओव्हर."

गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती, आणि तीही अशी पातळ की बाबांचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं. एकदा भिंतीतून, आणि लगेच त्याच्या मागोमाग, जरा नाकात बोलल्यासारखं, फ्रीजवरून.

लेक जेवणाच्या टेबलाशी प्रुफं तपासत बसली होती. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग, आणि त्यात बोलावं लागत नाही हा तिच्या मते त्यातला मोठा फायदा. तिने मान वर केली नाही. डावा हात लांब केला, भिंतीवरचं बटण खाली-वर, खाली-वर केलं. दिवा दोनदा मिचकावला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो उजेड अंगणात पडायचा आणि गॅरेजच्या उघड्या दारातून बाबांना दिसायचा. हे तिचं उत्तर. वर्षानुवर्षं हेच. एवढ्या वयाच्या बाईने फ्रीजला 'ओव्हर' म्हणायचं, हे काही तिच्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

"दिवा मिळाला," भिंत म्हणाली. मग फ्रीज म्हणाला, "दिवा मिळाला. माणूस मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण दिवा तर दिवा. ओव्हर."

ती हसली. भिंतीपलीकडून ते दिसण्यातलं नव्हतं.

मग बाबा हात पुसत आत आले, अडकलेली गाडी ओढायच्या विंचचा एक बोल्ट झिजलाय, उद्या बदलून आणतो म्हणाले. जेवले. ताटं धुतली आणि कढई नेहमीप्रमाणे भलत्याच कप्प्यात ठेवली. ते झोपायला गेल्यावर तिने ती काढून योग्य जागी ठेवली. एवढाच तो दिवस.

शुक्रवारी सकाळी नट-बोल्टच्या दुकानात, रांगेत शेवटचे उभे असताना, बाबा गेले. दुकानदाराला वाटलं, काहीतरी पडलंय ते उचलायला वाकलेत. म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला आधी स्क्रू मोजून दिले. हे त्याने तिला भेटायला येऊन सांगितलं, आणि जाताना नवा बोल्ट टेबलावर ठेवून गेला. नमुन्याचा झिजलेला बोल्ट बाबांच्या मुठीत सापडला होता.

पुढचं सगळं तिने नीट केलं. सह्या केल्या, फोन केले, निधनाच्या जाहिरातीतली एक चूक छापून येण्याआधी दुरुस्त करून घेतली. लोक म्हणाले, खंबीर आहे. बाबांची बहीण, म्हणजे आत्या, तेवढी म्हणाली, "खंबीर कसली, बूच बसलंय." आत्याने जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं होतं. लाइन चालू आहे पण पलीकडे कोणी बोलत नाही, ही अवस्था ती आवाजावरून ओळखायची.

काही आठवड्यांनी क्लबचे अध्यक्ष आले. धंद्याने ते दातांचे डॉक्टर, आणि क्लबमध्ये त्यांना दातवाले म्हणत. बरोबर गुरांची डॉक्टर होती, रुंद खांद्यांची, मोठ्या हातांची बाई. दोघं सोफ्याच्या कडेवर बसली.

"सहल रद्द झालेली नाही," दातवाले म्हणाले. "थांबलेली आहे. शेवटची गाडी आली नाही म्हणून थांबलेली आहे."

"बाबा गेलेत," लेक म्हणाली.

"हो. ते फार वाईट झालं. पण गाडी आहे."

नियम असा होता की ताफ्यातली जागा गाडीची असते, माणसाची नाही. बाबांची गाडी शेवटची. तिच्याशिवाय ताफा निघत नाही. एकदा ती सहल पुरी झाली की क्लब गाडी विकत घ्यायला तयार होता, नवा माणूस नेमायला तयार होता, रविवारी संध्याकाळी किल्ली दिली की झालं. गॅरेज रिकामं होईल. तिलाही तेच हवं होतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं होतं.

"मला तसली गाडी चालवता येत नाही," ती म्हणाली.

"ती क्लबमधे बऱ्याच जणांना येत नाही," गुरांची डॉक्टर म्हणाली आणि दातवाल्यांकडे बघितलं. "तरी चालतंय."

आत्या म्हणाली, मीही येणार. कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी शहराबाहेरच्या पेट्रोल पंपावर सगळे जमले. लेकीने गाडी उभी केली तर समोरून बेकरीवाले आले. हे क्लबचे संस्थापक, पोट मोठं आणि आवाज बारीक, खाण्यापिण्याची सगळी व्यवस्था यांच्या गाडीत. त्यांनी मागे वळून हाक दिली, "किचन आली रे."

"कोण, ही का किचन?"

"हीच. बापाचं नाक आहे बघा."

जो तो येऊन तिचा हात हातात घेत होता आणि "या, किचन" म्हणत होता. तिला राग आला. "मला स्वयंपाक फारसा येत नाही," ती म्हणाली. "आधीच सांगून ठेवते."

बेकरीवाले गोंधळले. "तुम्हाला कोण करायला सांगतंय? पाव आहेत माझ्याकडे. गाडीभर."

टायरमधली थोडी हवा सोडण्यात आली, म्हणजे खडकांवर पकड बसते. गुरांच्या डॉक्टरने तिला दुसरा, आखूड गिअर दाखवला. "हा घातला की गाडी मुंगीसारखी चालते. घाई करायची नाही. पाण्यात उतरलीस की गिअरला हात लावायचा नाही आणि थांबायचं नाही. बाकी गाडीला माहितेय."

"आणि नियम," दातवाले म्हणाले. तो त्यांनी तिला पंपावर उभं राहून, राष्ट्रगीताला राहावं तसं ताठ राहून सांगितला. कुठलाही अडथळा असो, शेवटची गाडी ओलांडून आली की तिच्या ड्रायव्हरने रेडिओवर 'पार' म्हणायचं. तो शब्द ऐकू आल्याशिवाय पुढच्या कुठल्याही गाडीचं चाक हलणार नाही.

"आणि समोर दिसत असली तर?" आत्याने विचारलं.

"दिसणं चालत नाही," दातवाले म्हणाले.

त्याला इतिहास होता. क्लब नवा असताना सगळे मुक्कामावर पोचले, शेकोटी पेटली, गाणी झाली, झोपले. सकाळी पाव मागायला गेले तर बेकरीवाले नाहीत. ते मागे एका घळीत चाक अडकून बसले होते, सबंध क्लबचे पाव मांडीवर घेऊन. आणि आदल्या रात्री तिघांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की बेकरीवाले तंबूत झोपलेत, आम्ही स्वतः बघितलंय. एकाने तर त्यांचं घोरणंही ऐकलं होतं. तेव्हापासून क्लबचा डोळ्यांवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

सकाळ बरी गेली. खडकाळ चढ आला, गाडी मुंगीसारखी चढली. आत्या शेजारच्या सीटवर वरची कडी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"तुझ्या बापाने मला कधी बसवलं नाही यात," ती म्हणाली. "म्हणायचा, तुला सोसायचं नाही. आता कळतंय, खरं बोलत होता मेला."

"उतरायचंय का?"

"गप चालव."

चढाच्या माथ्यावर पोचल्यावर लेकीने फ्रीजवरून आणलेला हँडसेट उचलला आणि काहीतरी पुटपुटली. दातवाल्यांनी ते 'पार' धरलं. चिखलाच्या पट्ट्यानंतरही तसंच झालं. मग ओढा आला.

पाणी गढूळ होतं, गुडघ्याच्या वर. एकेक गाडी उतरली, हलली, पलीकडे चढली. या दोघींची पाळी आली तेव्हा लेकीने आखूड गिअर घातला आणि सावकाश पाण्यात शिरली. बॉनेटपुढे पाण्याची एक घडी उमटली आणि गाडीच्या पुढे पुढे सरकत राहिली. मध्यावर मागचं चाक घसरलं. तिचा पाय आपोआप ब्रेककडे गेला आणि आपोआपच थांबला. कोण जाणे कुठून, पण तिला माहीत होतं की आता काही करायचं नाही. गाडी जराशी रेंगाळली, तळाला घासली, आणि वर आली. काठावर चढून ती उभी राहिली. चारी चाकांतून पाणी निथळत होतं.

"शेवटची गाडी, पार का?" रेडिओवर दातवाले.

तिने हँडसेट हातात घेतला. बटणावर अंगठा ठेवला. आणि तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी बसून राहिली.

"शेवटची गाडी, पार का?"

आत्याने तिच्याकडे बघितलं, मग समोर.

थोड्या वेळाने दातवाले गाड्यांच्या रांगेतून चालत मागे आले. चाकांकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं. "तुम्ही आलात ना?"

"आले."

"मग तसं रेडिओवर म्हणा."

"तुम्ही समोर उभे आहात."

"मी उभा आहे त्याला काही किंमत नाही," दातवाले दुःखाने म्हणाले. "उद्या मी म्हणेन, मला दिसल्या. त्या तिघांनाही बेकरीवाले दिसले होते."

"मी म्हणू का?" आत्याने विचारलं. "माझा आवाज अजून चांगलाय."

"ड्रायव्हरनेच म्हणायचं असतं."

"मला जरा वेळ द्या," लेक म्हणाली.

"घ्या की," दातवाले म्हणाले आणि पुढे जाऊन सगळ्यांना सांगितलं की ताफा थांबलाय.

तो थांबला म्हणजे अगदी होता तिथे थांबला. दातवाल्यांची गाडी ओढ्यापुढच्या अर्ध्या चढावर, नाक आकाशाकडे. बेकरीवाल्यांची नेमकी एका डबक्यात, दारापर्यंत पाणी. चाक हलवायचं नाही म्हटल्यावर ते खिडकीतून बाहेर पडायला निघाले आणि पोटाशी अडकले. दोघांनी ओढून काढलं. मुक्कामाची जागा माथ्यापलीकडे होती, सपाट, गवताची, झाडांखाली. चालत गेलं तर चहा निवण्याआधी पोचता आलं असतं. पण गाड्या सोडून कोण जाणार. म्हणून दुपार कलल्यावर तंबू वाटेतच लागले, दोन गाड्यांच्या मधे एक, गाडी-तंबू-गाडी-तंबू असे. पाव डबक्यातून हातोहात मागे आले. शेवटच्या गाडीपर्यंत पोचेतो त्यांना सगळ्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते.

समोरून ट्रॅक्टरवाला आला. त्याला पलीकडच्या शेतात जायचं होतं.

"काय अडलंय?"

"एक गाडी पार व्हायचीय अजून," दातवाले म्हणाले.

"कुठली?"

"ती, शेवटची."

ट्रॅक्टरवाल्याने उभं राहून नीट बघितलं. "ती तर अलीकडे आहे."

"अलीकडे आहे. पार नाही."

"मग ओढू का?"

"कुठे ओढणार? आलेलीच आहे ती."

ट्रॅक्टरवाला पुन्हा बसला. सगळ्यांकडे एकदा बघितलं, पुष्कळ सुशिक्षित माणसं एका ठिकाणी बघून माणूस जसा सावध होतो तसा झाला, आणि ट्रॅक्टर वळवून आल्या वाटेने निघून गेला.

लेक गाडीतच बसून होती. हट्ट होता असं नाही. शब्द साधा होता, दोन अक्षरांचा, आणि सकाळपासून तो तिने कसाबसा ढकललाही होता. पण या ओढ्यानंतर पुढे काही नव्हतं. यानंतर मुक्काम, मग रविवार, मग किल्ली. इथे 'पार' म्हटलं की इंजिनं सुरू होणार होती आणि बाबांची सहल संपणार होती. आणि जोवर ती बोलत नव्हती तोवर, कोणाच्या मनात असो वा नसो, ही सगळी माणसं चिखलात पाय रोवून बाबांची वाट बघत होती. कोणी घड्याळ बघत नव्हतं. घरी आलेली माणसं सांत्वन करून तासाभरात उठली होती. ही उठत नव्हती.

ऊन उतरल्यावर गुरांची डॉक्टर घडीचं स्टूल घेऊन आली आणि तिच्या दाराशी बसली. आत्या शेजारच्या सीटवर पाव कुरतडत होती.

"हे सगळे मला किचन का म्हणतात?" लेकीने विचारलं.

"मग काय म्हणायचं? तुझं नाव तुझ्या बापाने कधी सांगितलं नाही आम्हाला." ती बुटांचा चिखल काडीने काढत होती. "निघायच्या आधी त्याचा दातवाल्यांना फोन यायचा. किचन मिळालं, निघायला हरकत नाही. तो फोन आल्याशिवाय आम्ही कोणी गाडीत सामान भरत नव्हतो. एकदा फोनच येईना. दातवाल्यांनी आम्हा सगळ्यांना थांबवून ठेवलं. शेवटी आला. म्हणे, लेक आंघोळीला गेली होती."

"मी नुसता दिवा लावायचे."

"माहितेय. तेही सांगायचा. बोलत नाही, पण दिव्यात चुकत नाही म्हणायचा." तिने काडी फेकली. "मी एकदा विचारलं, अरे, भिंतीपलीकडे तर बसलेली असते, उठून जा की आत. तर म्हणाला, आत गेलो की ती पुस्तकातून मान वर काढते आणि काय हवंय विचारते. मला काही नको असतं. आहे की नाही एवढंच बघायचं असतं."

आत्याने पाव मांडीवर ठेवला. "लाइन टेस्ट," ती म्हणाली. "आम्हीही करायचो. सकाळी कामावर आलं की आधी पलीकडच्या पोरीला विचारायचं, आहेस का गं. कामाचं बोलणं नंतर."

"आणि ती काय म्हणायची?"

"आहे म्हणायची. दुसरं काय म्हणणार? दिवे नव्हते आमच्याकडे."

लेकीने मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. गुरांची डॉक्टर उठली, स्टूल मिटलं. जाता जाता तिने गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, गाईच्या पाठीवर मारतात तशा. "आमची काळजी करू नकोस. सोमवारी माझा दवाखाना बंदच असतो. दातवाल्यांचं तर काय, लोकांना त्यांच्याकडे जायचं नसतंच."

त्या रात्री सगळे वाटेतच झोपले. दातवाले चढावर असल्यामुळे सारखे तंबूच्या खालच्या टोकाला घसरत होते आणि सकाळी दोरीला बांधून घेतलेल्या अवस्थेत सापडले. बेकरीवाल्यांनी डबक्याच्या काठी झोपून बेडकांवर दावा लावायची भाषा केली. पण चाक कोणाचंच हललं नव्हतं.

उजाडल्यावर क्लबच्या रिवाजाप्रमाणे दातवाल्यांनी रेडिओवर ताफ्याची हजेरी घेतली. पुढून मागे, एकेक गाडी बोलत आली. दोन नंबर, ऐकू येतंय. तीन नंबर, ऐकू येतंय, आणि चहा कुठवर आलाय. बेकरीवाले डबक्यातून म्हणाले, ऐकू येतंय, पाय गारठलेत. असं होत होत आवाज जवळ आला. तिच्या पुढची गाडी गुरांच्या डॉक्टरची. "ऐकू येतंय," ती म्हणाली, आणि ते लेकीला दोनदा ऐकू आलं. उघड्या खिडकीतून एकदा, आणि लगेच हँडसेटमधून.

मग खरखर. घसा खाकरल्याचा आवाज.

"शेवटची गाडी, शेवटची गाडी. ऐकू येतंय का? ओव्हर."

तिचा डावा हात आपणहून पुढे गेला आणि दिव्याचं बटण दाबलं. खाली-वर, खाली-वर. सकाळच्या उजेडात हेडलाइट दोनदा मिचकावले. पुढच्या सगळ्या आरशांत ते दिसले असणार.

 मग रेडिओवर गुरांची डॉक्टर हळूच म्हणाली, "दिवा मिळाला."

 दिवा नियमात बसत नाही हे सांगायची याहून चांगली संधी दातवाल्यांना मिळाली नसती, पण ते गप्प राहिले. कुठल्याही गाडीचं इंजिन सुरू झालं नाही. बेकरीवाल्यांच्या डबक्यातले बेडूक तेवढे ओरडत होते. आत्याने वरच्या कडीवरचे दोन्ही हात काढले आणि मांडीवर ठेवले. मग फ्रीजवरून काढून आणलेला तो जुना हँडसेट तिने डॅशबोर्डवरून उचलला आणि भाचीच्या हातात दिला. लाइन जोडून द्यावी तसा, तिच्याकडे न बघता.

लेकीने बटण दाबलं. आधी घसा खाकरला. तो आवाज रांगेच्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकला.

"किचन बोलतेय," ती म्हणाली. "आहे मी. ऐकू येतंय, बाबा. दर वेळी ऐकू येत होतं, भिंतीतूनही येत होतं." तिने श्वास घेतला, अंगठा बटणावरून काढला नाही. "शेवटची गाडी पार."